कुडोस, पण कशाबद्दल?

काकू गेल्या हे सगळ्या बाजाराला त्याच दिवशी कळलं होतं. पण त्यांच्याबरोबर नेमकं काय गेलं ते कळलं काही आठवड्यांनी, शाळेच्या सभागृहात, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांच्या हातात सन्मानचिन्ह पडलं तेव्हा.

सन्मानचिन्ह झकास होतं. लाकडाची घोटीव ढाल, तिच्यावर पितळी पाटी आणि पाटीवर मोत्यासारखी अक्षरं. हेडमास्तरांनी चष्मा वर सरकवला, कौतुकाने वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा पडला. पाटीवर लिहिलं होतं : ‘हे आमच्या शाळेत होते. आता नाहीत.’

पहिल्या रांगेतल्या एका उत्साही पालकाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मागच्या रांगेला एवढंच ऐकू गेलं की हेडमास्तर आता नाहीत. म्हणून ती रांग उठली आणि मान खाली घालून उभी राहिली. मागची उभी राहिली म्हणून मधली राहिली. मधली राहिली म्हणून पुढच्यांना बसून राहणं बरं दिसेना. सगळं सभागृह गप्प उभं, आणि व्यासपीठावर हेडमास्तर, हातात ढाल घेऊन, धडधाकट. आता आपणही मान खाली घालायची का, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनीही घातली.

ढालीचं दुकान काका-काकूंचं होतं. काका कोरायचे, पण शब्द काकूंचे असायचे. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, “साहेबांसाठी काहीतरी चांगलं लिहून द्या.” काकू त्याला बाकावर बसवायच्या, चहा द्यायच्या आणि स्वतः आपल्या स्टुलावर बसून इकडचं तिकडचं विचारायच्या. चहा संपेपर्यंत वाक्य तयार व्हायचं. त्या ते कागदावर लिहून काकांकडे सरकवायच्या आणि काका ते कोरायचे. काकांचा नियम एकच होता. कागदावर आहे ते पितळेवर. मनाचं काही घालायचं नाही, कारण पितळेवरचं पुसता येत नाही.

काकू गेल्यावर कागद यायचा बंद झाला. शाळेच्या शिपायाने काउंटरवरूनच सांगितलं होतं, “काय ते लिहा हो. आमच्या शाळेत होते, आता नाहीत.” काकांनी मनाचं काही घातलं नाही.

“त्यात खोटं काय आहे ते सांग,” काका फोनवर मुलीला म्हणाले. मुलगी दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत होती. आधी ती पोट धरून हसली, मग म्हणाली,

“बाबा, आता बस झालं. दुकान बंद करा नि इकडे या.”

“तिकडे येऊन काय करू?”

“आराम करा.”

“तो मला येत नाही.”

“शिकाल हळूहळू. खोली तयार आहे. खिडकीजवळ सोफा टाकलाय तुमच्यासाठी.”

काकांनी दुकानात पाहिलं. काउंटरच्या मागे काकूंचं स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून खाली पितळेचा तुकडा घातलेला होता. मुलीच्या घरी सोफा होता.

“हे बघ,” काका म्हणाले, “पुढचं जे काम येईल, ते बिघडलं तर मी कुलूप लावून येतो. माझा शब्द.”

“आणि नाही बिघडलं तर?”

“तर तू परत हा विषय काढायचा नाहीस.”

“ठरलं,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजावरून असं वाटलं की ती सोफ्यावरची चादर बदलायला उठली.

पुढचं काम घेऊन आले पाणीपुरवठा कार्यालयाचे हेडक्लार्क. त्यांना सतत कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. दर वाक्याला ते मागे वळून बघायचे.

“काका, आमचे साहेब निवृत्त होताहेत. सन्मानचिन्ह पाहिजे. त्यावर कुडोस पाहिजे.”

“कुठे बसवायचं? वर की खाली?”

“बसवायचं नाही हो, लिहायचं! इंग्रजी शब्द आहे. साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्यात ना, त्यांच्या आधीच्या ऑफिसात कुडोस देत असत म्हणे.”

“अर्थ काय त्याचा?”

हेडक्लार्कनी मागे वळून बघितलं. “चांगलाच असणार. निरोप समारंभात वाईट कोण देतं?”

“मॅडमना नाही विचारलंत?”

“विचारलं असतं तर मला माहीत नाही हे त्यांना कळलं नसतं का? मी आपला ‘वा वा, कुडोस तर पाहिजेच’ म्हणून मोकळा झालो.”

“अर्थ कळल्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही,” काका म्हणाले. “मागच्या वेळी अर्थ माहीत होता, तरी काय झालं ते ऐकलंत ना?”

“समोरचा लेझरवाला मशीनवर कोरून देतो, तो कधी काही विचारत नाही हां, काका.”

“मग त्याच्याकडे जा.”

“गेलो होतो. त्याचं मशीन बंद पडलंय,” हेडक्लार्क म्हणाले आणि बाकावर बसले.

काकांनी पुन्हा मुलीला फोन लावला.

“कुडोस? अहो बाबा, आमच्याकडे दर शुक्रवारी वाटतात,” मुलगी म्हणाली. “सगळ्यांना ईमेल येतो. अमक्याला कुडोस, तमक्याला कुडोस.”

“तुला मिळाला?”

“दोनदा!”

“वा! कशाबद्दल?”

“पहिल्या वेळचं आठवत नाही. दुसऱ्या वेळी मी रजेवर होते.”

काकांनी फोन ठेवला. एवढ्यात काखोटीला पिशवी मारून हेडमास्तर दुकानात शिरले. त्यांनी पिशवीतून आपली ढाल काढून काउंटरवर आपटली.

“हिचं काहीतरी करा! घरात लावायची सोय नाही. पाहुणे आले की ही वाचून आवाज खाली करतात. काल विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने वारसाचं नाव विचारलं!”

“सर,” काका म्हणाले, “तुम्ही इंग्रजी शिकवायचात ना?”

“जिवंत होतो तोवर शिकवत होतो.”

“मग कुडोस म्हणजे काय, तेवढं सांगा. तुमच्या ढालीचं मी बघतो.”

आता, निवृत्त शिक्षकाला कुणी शब्दाचा अर्थ विचारला की त्याचा राग टिकत नाही. हेडमास्तर बाकावर बसले. हेडक्लार्क उगाचच सावरून बसले, लहानपणी ते हेडमास्तरांच्याच वर्गात शिकले होते.

“कुडोस म्हणजे उघड वाहवा. चारचौघांत केलेली. खोलीचं दार लावून एखाद्याला शाबास म्हटलंत तर ते छान आहे, पण ते कुडोस नाही. लोकांच्या कानावर गेलं पाहिजे. कळलं?”

“कळलं, सर,” हेडक्लार्क म्हणाले.

“आणि दुसरी गोष्ट. माणूस कोण आहे याबद्दल कुडोस नसतो. माणसाने काय केलं त्याबद्दल असतो. खुर्चीबद्दल नाही, वयाबद्दल नाही, पगाराबद्दल तर नाहीच. अमुक एक केलं, म्हणून कुडोस. नुसता कुडोस म्हणजे पत्ता न लिहिता पेटीत टाकलेलं पत्र. जातं, पण पोचत नाही.”

काका स्टुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमची ही हेच विचारायची. ‘ते सगळं ठीक आहे हो, पण त्यांनी केलं काय?’ चहा देता देता.”

“मग तुम्ही आमच्या शिपायाला का नाही विचारलंत?”

“मला चहा करता येत नाही.”

काका हेडक्लार्ककडे वळले. “तर सांगा. तुमच्या साहेबांनी केलं काय?”

हेडक्लार्कनी छताकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. “ऑफिसात विचारून सांगतो,” असं म्हणून ते उठले.

ऑफिसात मोठीच पंचाईत झाली. साहेब एवढी वर्षं त्या खुर्चीत होते, पण त्यांनी केलं काय, हे कुणी कधी मनात आणलं नव्हतं.

“साहेब कधी कुणावर ओरडले नाहीत,” टायपिस्ट बाई म्हणाल्या.

“ओरडायला जागं असावं लागतं,” रोखपाल म्हणाला.

ते खरं होतं. दुपारी जेवण झालं की साहेब खुर्चीत डुलक्या घ्यायचे. सगळं ऑफिस त्या वेळी हळू बोलायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं, दुपारी साहेबांच्या खोलीचं दार लोटायचं नाही, कुरकुरतं.

“फायली कधी अडवल्या नाहीत,” शिपाई म्हणाला.

“अडवल्या नाहीत कशा? उशाला घ्यायचे ना,” रोखपाल म्हणाला.

“मग झोपल्याबद्दल कुडोस असं लिहायचं का?” हेडक्लार्क वैतागले. सगळे हसले आणि ज्याच्या त्याच्या टेबलाकडे गेले. समारंभ तर जवळ आला होता. हेडक्लार्कनी एका चिठोऱ्यावर लिहिलं, ‘साहेबांना .................... बद्दल कुडोस’, आणि ते चिठोरं दुकानात नेऊन दिलं. देताना ते फोनवर मॅडमशी बोलत होते. काकांना त्यांनी नुसती खूण केली. त्या खुणेचा अर्थ त्यांच्या मते असा होता, की मधलं तुम्ही नेहमीसारखं शोधून काढा. इतकी वर्षं या दुकानात नेहमी कुणीतरी शोधून काढतच आलं होतं.

काकांना त्या खुणेचा अर्थ असा लागला, की आहे हे असंच कोरा.

टिंबं त्यांना जरा खटकली. पण मागच्या वेळी कागदाशिवाय कोरून हात पोळला होता, आता कागद आहे तर स्वतःची अक्कल चालवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शिवाय त्यांनी विचारही केला. साहेबांनी काय केलं ते ऑफिसला कळलेलं असणार, पण सरकारी गोष्ट आहे, उघड करायची नसेल. म्हणून टिंबं दिली असतील. विचारायला हेडमास्तर हवे होते, पण ते त्या दिवसांत निवृत्तिवेतनाच्या कचेरीत खेटे घालत होते. त्यांच्या ढालीचा फोटो तिथपर्यंत पोचला होता आणि आपण आहोत, हे त्यांना तिथे स्वतः जाऊन पटवून द्यावं लागत होतं.

काकांनी टिंबं मारली. एकेक टिंब सारखं, एका रेषेत, एका अंतरावर. त्यांनी आयुष्यात इतकी सुबक टिंबं मारली नव्हती. ढाल कागदात गुंडाळून तयार ठेवली. समारंभाच्या दिवशी हेडक्लार्क धावतपळत आले, न उघडताच ती उचलली आणि मागे वळून बघत निघून गेले.

थोड्या वेळाने हेडमास्तर आले. खुशीत होते. “झालो जिवंत!” ते म्हणाले. “कचेरीच्या मते मी आहे. शिक्का मारून दिलाय. काय, पाण्याच्या साहेबांचं काय लिहिलंत शेवटी?”

काकांनी खिळ्याला लावलेलं चिठोरं काढून दिलं. हेडमास्तरांनी ते वाचलं. उलटं करून बघितलं. पुन्हा वाचलं.

“हे तर कच्चं आहे. मधे काय घातलंत?”

“टिंबं.”

“टिंबं कोरलीत?”

“कागदावर होती.”

“अहो काका, ती टिंबं म्हणजे जागा होती! भरायची जागा!”

काका मटकन बसले. बसले ते नेमके काकूंच्या स्टुलावर. ते डुगडुगलं, कारण पायाखालचा पितळेचा तुकडा सरकला होता. काकांच्या डोळ्यांपुढे खिडकीजवळचा सोफा आला. मग ते उठले, छिन्नी आणि हातोडी घेतली आणि म्हणाले, “चला.”

“कुठे?”

“भरायला.”

दोघे रस्त्याने निघाले. एकाच्या हातात हातोडी, दुसरा नुकताच जिवंत असल्याचा दाखला घेऊन आलेला. ओळखीची माणसं बाजूला होत होती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मोठ्या खोलीत दोघे शिरले, तेव्हा उशीर झाला होता. खोली गच्च भरलेली होती. ऑफिसातली माणसं, बाजारातले व्यापारी, आजूबाजूच्या घरांतले लोक. मॅडमनी ढालीवरचं कापड बाजूला केलं होतं आणि त्या ध्वनिक्षेपकावर वाचत होत्या.

“‘साहेबांना...’” त्या थांबल्या. ढाल डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. “‘...बद्दल कुडोस.’”

खोलीत कुणी खोकलं.

“मधे काय आहे?” मॅडमनी हेडक्लार्कला हळूच विचारलं. ध्वनिक्षेपक चालूच असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“मधे... मधे साहेबांचा मोठेपणा आहे, मॅडम,” हेडक्लार्क म्हणाले. “शब्दांत मावण्यासारखा नाही.”

एकाने टाळी वाजवली. दुसऱ्या कुणी वाजवली नाही म्हणून त्याने हात खिशात घातले.

साहेबांनी ढाल हातात घेतली. ते बुटके आणि शांत होते, आणि पुढ्यात कागद आला की तो नीट वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी पाटी वाचली. मग टिंबांवरून बोट फिरवलं.

“कशाबद्दल, ते राहिलं वाटतं,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “असू दे. मलाही चटकन सुचलं नसतं.”

ते रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. हे त्यांच्याने ऐकवेना. ते दारातूनच ओरडले, “चूक माझी आहे! टिंबं मी मारली!”

सगळी खोली मागे वळली. हातोडी दिसली तशी शेवटची रांग खुर्च्यांसकट पुढे सरकली.

“भरून देतो,” काका पुढे येत म्हणाले. “आत्ता, इथे भरून देतो. फक्त कुणीतरी सांगा. साहेबांनी केलं काय?”

टायपिस्ट बाईंनी रोखपालाकडे बघितलं. रोखपालाने शिपायाकडे बघितलं. शिपायाने कुरकुरणाऱ्या दाराकडे बघितलं. हेडक्लार्कना बाहेरून कुणीतरी हाक मारतंय असं वाटलं आणि ते जायला निघाले, पण हेडमास्तरांनी त्यांचा दंड धरला. “बस खाली,” ते म्हणाले, आणि हेडक्लार्क बसले.

“मी सांगते काय केलं ते!”

पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी उठून उभ्या राहिल्या होत्या.

“अगं, बस,” साहेब घाबरून म्हणाले.

“का बसू? विचारताहेत ना ते? काय केलं म्हणे! माझ्या झोपेचं खोबरं केलं! या गावात आल्यापासून एक पहाट मला धड मिळाली नाही. अंधारात गजर. गजर झाला की ह्यांना बॅटरी सापडत नाही. मग बॅटरी शोधायला दिवा लावतात. अहो, दिवा लागल्यावर बॅटरी कशाला हवी?”

“बाहेर लागते ना,” साहेब पुटपुटले.

“बघा! अजून उत्तर देताहेत!” त्या खोलीकडे वळल्या. “जातात कुठे, तर टाकीवर. अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, असा म्हणे नियम आहे. ह्यांच्या आधीचे साहेब झोपायला जाताना सही ठोकून मोकळे व्हायचे. म्हणून तुमचं पाणी मध्यरात्री यायचं. विसरलात का? बादल्या घेऊन बसायचात ना सगळे नळापाशी?”

खोलीतल्या वयस्क माणसांनी एकमेकांकडे बघितलं. ते विसरलेच होते.

“ह्यांनी आल्या आल्या ठरवलं, पंप पहाटे चालू करायचा. म्हणजे लोकांना पाणी उजाडल्यावर मिळेल. फार छान! पण मग पहाटे सहीला जायचं कुणी? हेच! पाऊस असो, ताप असो, लेकीचं लग्न असो. लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप कुठे म्हणून सगळे शोधताहेत, बाप टाकीवर! मी म्हटलं, अहो, हाताखालच्या कुणाला तरी पाठवा. तर म्हणतात कसे, ‘दुसऱ्याची झोप मी कशी मोडू?’ म्हणजे माझी मोडलेली चालते!”

“म्हणजे साहेब दुपारी...” टायपिस्ट बाई उठून म्हणाल्या.

“मग काय, हौस म्हणून झोपायचे? टाकीवरून आल्यावर घरी मी झोपू देत नव्हते. म्हटलं, मी जागी तर तुम्हीही जागे!”

आता खोलीत आधी एक बाई हसल्या, मग त्यांच्या शेजारचे, आणि मग सगळेच. पण ते हसणं ऑफिसातल्या हसण्यासारखं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, “माझी आई त्या बादल्यांपायी खचली होती हो. पाणी सकाळी यायला लागलं नि ती माणसात आली.” दुसरा म्हणाला, “आम्हाला वाटायचं पाइप बदलले.” रोखपाल उभा राहिला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

काका म्हणाले, “आमची ही नळापाशी अंधारात बसायची. मला उठवायची नाही. मग एक दिवस पाणी उजेडी आलं. ही तेव्हा म्हणाली होती, तिकडे कुणीतरी भला माणूस आलाय. तो कोण ते कळू दे, त्याला आपण आपणहून ढाल देऊ.” त्यांनी साहेबांच्या हातातून ढाल घेतली. “कळायला जरा उशीर झाला.”

टेबलावर ढाल ठेवून काका बसले. शब्द कोण देणार, हे विचारावं लागलं नाही. हेडमास्तरांनी खिशातला दाखला काढला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून काकांकडे सरकवला : ‘गावाला झोपू दिल्याबद्दल.’

“आणि बायकोला न दिल्याबद्दल,” साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. “तेही लिहा.”

“पाटी लहान आहे, वहिनी.”

“मग खाली लिहा. बारीक.”

हेडमास्तरांनी तेही कागदावर लिहिलं. कागदावर आलं म्हणजे पितळेवर आलंच. काकांनी टिंबांना हात लावला नाही. टिंबांच्या रेषेवर अक्षरं बसवली, अर्जातली जागा भरतात तशी. ‘बद्दल’ तिथे आधीपासून होतंच, तेवढं एक वाचलं. हातोडीचा ठोका पडला की खोलीतून एक टाळी पडायची. पहिल्यांदा ती चुकून पडली, मग लोकांनी तो तालच धरला. शेवटच्या अक्षरापाशी तर हातोडी ऐकूच येत नव्हती.

साहेबांनी पाटी वाचली. खालची बारीक ओळही वाचली. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. “उद्यापासून झोप तू,” ते म्हणाले. ध्वनिक्षेपक चालूच होता.

“उद्यापासून मला झोप कसली लागतेय?” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

मॅडम काकांना म्हणाल्या, “मी इतकी वर्षं हा शब्द वापरत आले. आज पहिल्यांदा तो देताना बघितला.” मग हेडक्लार्ककडे वळून त्यांनी विचारलं, “उद्या पहाटे पंपाच्या सहीला मला किती वाजता जावं लागेल?” हेडक्लार्कनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका दुकान उघडायला आले तर बाहेर माणसं उभी होती. बँकेतून आले होते, दवाखान्यातून आले होते. बससेवेचा एक माणूस आपल्या चालकासाठी आला होता. सगळ्यांना ढाल हवी होती आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, “आमच्या माणसाने केलं काय, तेवढं शोधून द्याल ना?” समोरच्या लेझरवाल्याचं मशीन दुरुस्त झालं होतं. तो दारात उभा राहून ही गर्दी बघत होता.

हेडमास्तर काउंटरच्या मागे गेले. स्टुलावर बसले नाहीत, स्वतःची खुर्ची त्यांनी घरून आणली. चहाही त्यांनीच केला. पहिला दिवसभर तो फार वाईट झाला, पण गिऱ्हाइकं बोलत होती. “ते ठीक आहे,” हेडमास्तर दर वेळी विचारायचे, “पण त्यांनी केलं काय?” दवाखान्याचा माणूस आधी म्हणाला की काही आठवत नाही, आणि मग दोन कप चहा होईपर्यंत बोलायचा थांबला नाही.

संध्याकाळी हेडमास्तरांनी स्वतःची ढाल पुढे केली. काकांनी तिच्यावर एक ओळ वाढवली आणि ती दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावली. आता ती अशी वाचली जाते : ‘हे आमच्या शाळेत होते. आता नाहीत. आता इथे असतात.’

मुलीचा फोन आला. “बाबा, काय झालं त्या कामाचं? बिघडलं का?”

“बिघडलं होतं. मग जमलं.”

“म्हणजे येताय की नाही?”

“गिऱ्हाईक थांबलंय, लवकर बोल.”

मुलगी हसली. “जिंकलात. कुडोस, बाबा.”

“कशाबद्दल?” काकांनी विचारलं.

मुलीने या वेळी नीट विचार केला. “आईचं स्टूल न हलवल्याबद्दल,” ती म्हणाली.

काका म्हणाले, “चारचौघांत सांग.” त्यांनी फोन मोठ्या आवाजावर केला, आणि मुलीने ते दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.

त्यानंतर एका रिकाम्या दुपारी काकांनी एक चांगली पाटी निवडली, घासून लख्ख केली आणि काकूंसाठी कोरायला घेतली. हेडमास्तर कागद घेऊन बसले आणि त्यांनी विचारलं, “काकूंनी केलं काय?” काका सांगायला लागले. कागद भरला, दुसरा भरला. एका पाटीवर एकच ओळ मावते आणि कोणती घ्यायची ते काकांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी वर काकूंचं नाव कोरलं आणि खाली ‘बद्दल कुडोस’ कोरलं. मधे टिंबं मारली, एका रेषेत, एका अंतरावर.

ती पाटी स्टुलाच्या वर लावली आहे. टिंबं अजून भरायची राहिली आहेत.